काहून झालं मले?

आई, आज कन्हानहून आलेल्या एका बाईंनी मला तुझाच प्रश्न विचारला. रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांचे नमुने तपासतात त्या प्रयोगशाळेत मी आता काम करते, हे तुला कुठलं माहीत असायला! रक्त द्यायला बाईंनी बाही वर सारली आणि म्हणाल्या, ‘‘काहून झालं जी मले हे?’’

तुझाही हाच आजार निघाला तेव्हा रामदासपेठेतल्या दवाखान्यात तू डॉक्टरांना अगदी असंच विचारलं होतंस. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला, मोठी शहाणी. मला तुझ्या बोलण्याचीच लाज वाटली. ‘‘काहून काय गं? का म्हण ना,’’ मी सगळ्यांदेखत बोलले. डॉक्टर हसले, तू ओशाळलीस आणि उत्तर राहूनच गेलं. पुन्हा तू कुणालाच विचारलं नाहीस. महाल भागातल्या आपल्या घरी आल्यावर उत्तर मात्र स्वतःच ठरवून टाकलंस. मी स्वयंपाकघरात तुझ्या पेल्यातलं पाणी प्यायला जाते, तर तू पेला हातातून काढून घेतेस. ‘‘माह्या पेल्यानं पिऊ नको वं, तुले लागन.’’ तेव्हापासून पोचा आलेला तो पेला तुझा एकटीचा झाला.

बाईंना मी आज नीट सांगितलं. पेशींमध्ये मायक्रोआरएनए नावाचे चिमुकले रेणू असतात. जनुकांचा कुठला निरोप कधी थांबवायचा, ते बघतात. काही माणसांच्या, हे रेणू तयार करणाऱ्या जनुकांत जन्मापासूनच एखादं अक्षर वेगळं असतं. बहुतेकांचं त्यानं काही बिघडत नाही. काहींचा धोका जरासा वाढत असावा. पण तेवढ्यानंच आजार होतो असं नाही, आणि तुम्हालाच का झाला हे आम्हालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘म्हंजे नातवाले जवळ घेतलं तर चालते?’’ ‘‘खुशाल घ्या, हे लागत नाही,’’ मी म्हटलं. त्या पदर तोंडाला लावून रडल्या. मला इतकी शरम वाटली की सुई लावायला दुसरीला बोलवावं लागलं.

हे पत्र कुठे पाठवणार, आणि कुठल्या तोंडानं? तू गेल्यावर मी सगळ्यांना सांगत आले की, पेल्यावरून आईची समजूत घालून थकले, ऐकतच नव्हती. खोटं आहे ते, आई. हा आजार लागत नाही हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. तरी तुझा पेला मी वेगळा घासायचे, आणि नंतर साबणानं हात धुवायचे.