अर्धा आटा जास्त

१४ मे, मंगळवार

चालू झालं, पण कसलं चालू! खोकत होतं नुसतं. कार्ब्युरेटरमधून फटाके, अख्खं इंजिन गदागदा हलत होतं. दादाने झटकन किल्ली फिरवून बंद केलं. "पुरे! असंच चाललं तर नवा कॅम झिजवून टाकेल."

हिवाळाभर खपलो आम्ही दोघं. दादाची सदुसष्टची शेव्हेल गाडी, त्याने कोरी घेतलेली, गॅरेज माझं. सगळं नवीन घातलं – झडपा हलवणारा कॅम, टॅपेट, स्प्रिंगा. आणि पहिल्याच दिवशी ही तऱ्हा.

जेवण गेलं नाही. बायको लोरेन म्हणते, गाडीच आहे ती, लेनी. तिला काय सांगू!

१५ मे

डाव्या बाजूचं झाकण उघडलं. झडपांचे नट प्रमाणाबाहेर आवळलेले. झडपा पूर्ण मिटतच नव्हत्या, मग दाब कुठून राहणार? एक पुशरॉड – झडप ढकलणारा दांडा – वाकलाय. नशीब, एकच.

पुशरॉडखालचे हे टॅपेट तेलावर चालणारे. लावायची रीत सोपी: पुशरॉडचा खुळखुळा, म्हणजे सैलपणा, संपेपर्यंत नट आवळायचा, वर अर्धा आटा फिरवायचा, बस. पण एकदा लावलेला नट ढिला न करता पुन्हा लावायला गेलं, की फसगत. खुळखुळा आधीच संपलेला असतो. हाताला वाटतं, बरोबर आहे – दे अर्धा आटा. असं दोनदा-तीनदा केलं की झडप उघडीच राहते.

म्हणजे कुणीतरी लावून विसरलं. आणि परत लावलं.

आम्ही दोघंच तर आहोत.

दादा म्हणाला, "होतं असं. मी लावतो परत." मग एकदम, "लेनी, काल काय काय केलंस रे तू?" काल शेजारीच उभा होता माझ्या! हे काय विचारणं झालं?

१६ मे

झोप नाही. दादा चौऱ्याहत्तरचा आहे.

१८ मे, शनिवार

परत तेच! डावी बाजू, सगळे नट जास्त आवळलेले. परवा दादाने स्वतः लावले होते, मी बघितलंय.

आणि आज काय दिसलं, ते लिहितानाही कसंतरी होतंय. दुकानातून पुशरॉड घेऊन आलो, तर दादा एकटाच गॅरेजमध्ये, झाकण काढलेलं, हातात पाना. मला बघून पाना मागे घेतला. चोरासारखा! "काही नाही रे. बघत होतो." वर परत तेच – "काल दुपारी काय केलंस?"

आयुष्यभर कारखान्यात इंजिनं जोडली ह्या माणसाने. आम्ही रंगखात्यातले, आम्हाला हसायचा. "तुम्ही काय, पावडर-लिपस्टिकवाले." त्याच्याकडून असली चूक?

१९ मे

लोरेनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे सकाळीच सांगितलंस मला." असेल. डोक्यात दुसरं काही नाहीच सध्या.

डेनिसला कळवू का? दादाची मुलगी. स्टेफनी वहिनी गेल्यापासून मागे लागली आहे – घर विका, टोलेडोला माझ्याकडे या. मागच्याच महिन्यात मला फोनवर म्हणाली, "काका, एक जरी चूक दिसली ना त्यांच्या हातून, मी गाडीच्या किल्ल्या काढून घेणार. तुम्ही लपवायचं नाही, सांगून ठेवते."

सांगितलं तर दादाचं घर गेलं. नदीकाठचं फिरणं गेलं, शुक्रवारची मासळी गेली, ही गाडी गेली. त्या पोरीच्या तळघरात टीव्हीसमोर बसून राहील.

नाही सांगितलं, आणि त्याने उद्या स्वतःच्या गाडीचे ब्रेक असेच विसरून जोडले तर? पोरंबाळं असतात रस्त्यावर.

२० मे

सांगितलं. डेनिसला, फोनवर. ती रडली. मग रागावली – माझ्यावरच, इतके दिवस गप्प का बसलात म्हणून.

२१ मे

दादा आला होता. दोघांसाठी पोंचकी, ते जॅम भरलेले डोनट, घेऊन. मी माझा वाटा कागदात गुंडाळून ठेवला.

२६ मे, रविवार

डेनिस आली. लोरेनने किएल्बासा सॉसेज आणि कोबी केला होता, कुणी धड जेवलं नाही. पोरीने सरळच विचारलं, "बाबा, लेनी काका म्हणतात, ते नट तुम्ही लावता आणि विसरता. पुन्हा पुन्हा. खरं आहे?"

मला वाटलं, आता भडकणार. ताट भिरकावणार. दादाचा राग मला माहीत आहे! लहानपणी सोसलाय मी.

पण त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "हो गं. माझ्याच हातून झालं. वय झालं आता."

खिशातून किल्ल्या काढल्या आणि मोहरीच्या बाटलीशेजारी ठेवल्या. घराच्या, गाडीच्या, आमच्या गॅरेजचीसुद्धा. वाद नाही, आरडाओरडा नाही. लोरेन उठून आत गेली.

माझंच बरोबर निघालं. मग बरं का वाटत नाहीये?

२७ मे

गेला. सगळ्या गल्लीत स्मृतिदिनाचे झेंडे लागलेले, आणि हा एक बॅग घेऊन डेनिसच्या गाडीत. काच खाली करून म्हणाला, "लेनी, इंजिनला एकट्याने हात लावू नकोस. लोरेनला जवळ बसव."

तेवढ्यातही रागच आला मला. स्वतः चुकतो आणि मला शिकवतो! नुसता हो म्हणालो. नीट निरोपसुद्धा घेतला नाही. आता चुटपुट लागली आहे.

२९ मे, बुधवार

दिवसभर बसून सगळे नट ढिले केले, मग एकेक लावला. खुळखुळा संपला, अर्धा आटा. सावकाश, मोठ्याने मोजून. लोरेनला कशाला बसवू? तिला घरची कामं आहेत. तिचं लाल नेलपॉलिश मात्र आणलं आणि प्रत्येक नटापासून त्याच्या आतल्या बोल्टपर्यंत एक सरळ रेघ मारली. नट जरा जरी हलला तरी रेघ तुटणार. कारखान्यात जोडणीवाले असंच करायचे.

शनिवारी चालू करणार. नीट चाललं की टोलेडोला फोन लावून त्याला आवाज ऐकवीन. तेवढं तरी करायला हवं मी.

३१ मे

रेघा तुटल्यात. डाव्या बाजूच्या सगळ्या. प्रत्येक नट बरोबर अर्धा आटा पुढे.

धावत आत गेलो. लोरेनला विचारलं, काल गॅरेजमध्ये कोण आलं होतं?

"कोण येणार? जेवल्यापासून अंधार पडेपर्यंत तूच होतास की. मी कॉफी घेऊन आले तर म्हणालास, ठेव तिथे, टॅपेट लावतोय."

मला आठवत नाही. कॉफी नाही, काहीच नाही.

दादा रविवारी खोटं बोलला.