दुसरं पाणी

आई, मी तुला वर्गात शिकवते, हे तुला माहीत नाही. मला नोकरी लागली तेव्हा तू नव्हतीस. अकरावी वाणिज्यच्या मुलांना सुरुवातीला व्यवसायाची ओळख करून द्यावी लागते. उत्पादन म्हणजे काय, मनुष्यबळ कशाला म्हणायचं, व्यवस्थापक दिवसभर नेमकं करतो तरी काय. पुस्तकातली उदाहरणं मोटारींच्या कारखान्यांची, आणि आमच्या पोरांनी कारखाना पाहिलेला असतो तो पुण्याला जाताना एसटीच्या खिडकीतून. पहिल्याच वर्षी वर्ग पेंगायला लागला तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, मासवडी कोणाकोणाला आवडते? सगळे हात वर गेले. मग मी आपलं राजुरीचं स्वयंपाकघर फळ्यावर काढलं. तेव्हापासून दर वर्षी काढते आहे. मुलं मागच्या वर्षीच्या मुलांकडून ऐकून येतात आणि पहिल्या आठवड्यातच विचारतात, मॅडम, मासवडीचा धडा कधी?

चित्र आता हातात बसलंय. डावीकडे मोठी चूल, तिच्यावर बेसन घाटणारी धाकटी काकू. तिच्याशेजारी ओल्या फडक्यावर ते गरमागरम थापणारी गुरवांची वहिनी. मग तीळ-खोबऱ्याचं सारण पसरणारी आत्या. शेवटी फडक्यासकट वडी वळणारी तू, कारण वळण्यातच सगळी मेख. बेसन गार झालं की वडी फुटते, म्हणून कोणी कोणासाठी थांबायचं नाही. याला म्हणतात श्रमविभागणी, असं मी सांगते. आळेफाट्याचे ढाबेवाले सकाळी माल घेऊन जायचे, लग्नसराईत नारायणगावपासून मागणी असायची, खोडदच्या दुर्बिणीवरच्या साहेबलोकांकडे पाहुणे आले की तिथून जीप यायची. मुलांना हे ऐकताना भूक लागते, आणि भूक लागलेल्या मुलांना काहीही शिकवता येतं.

आणि चित्राच्या अगदी उजव्या टोकाला, भिंतीच्या बाहेर, परसातला नळ आणि नळावर आक्का. बोरी बुद्रुकवरून चालत यायच्या. पातेली, पराती, झारे सगळं त्यांच्याकडे. त्यांच्यासारखी भांडी घासणारी बाई पुन्हा पाहिली नाही, हे खरंच आहे. मी त्यांच्याभोवती खडूनं गोल करते आणि लिहिते: योग्य जागी योग्य माणूस. मग पुढचा मुद्दा. आक्कांनी घासून पालथी घातलेली भांडी आत घेताना तू प्रत्येकावर तांब्यानं पाणी ओतायचीस. आपण त्याला दुसरं पाणी म्हणायचो. ते मी गुणवत्ता नियंत्रणाखाली घेतलं. स्वच्छतेची दुहेरी तपासणी, असं मुलं उतरवून घेतात आणि परीक्षेत लिहितात. त्याला मी गुण देते.

मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. आक्का आजारी असल्या की भांडी वहिनी घासायची, आणि त्या दिवशी दुसरं पाणी नसायचं. पातेलं नळावरून थेट चुलीवर. हे मी लहानपणापासून पाहत होते. आक्कांचं घर बौद्धवाड्यात होतं, त्यांचा चहाचा कप खिडकीच्या बाहेरच्या कोनाड्यात असायचा, आणि तुझ्या तोंडून त्याबद्दल कधी एक शब्दही निघाला नाही. निघायची गरजच नव्हती. आपल्याकडे अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत, तांब्या कुठं ठेवलाय त्यावरून त्या कळतात.

तू वाईट नव्हतीस, म्हणून तर हे लिहिणं जड जातंय. आक्कांच्या लेकीचं बाळंतपण अडलं तेव्हा ढाबेवाल्याची जीप अडवून तू तिला जुन्नरला घेऊन गेलीस आणि दवाखान्याच्या बाकावर बसून राहिलीस. चुली त्या दिवशी थंड. दिवाळीला सगळ्या बायकांना साडी एकाच गठ्ठ्यातली, आक्कांनाही. रंग आधी निवडायचा मान वयानं मोठ्या म्हणून त्यांचा. हेही मी वर्गात सांगते, कर्मचारी कल्याण म्हणून. यातलं काहीच खोटं नाही. फक्त मी भिंत काढते आणि तिला नाव देत नाही.

त्या नारायणगावच्या लग्नाच्या दिवशीची गोष्ट मात्र मी सगळ्यात रंगवून सांगते. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पडवीत पुस्तक घेऊन बसले आहे. आत अचानक आरडाओरडा. पातेलं उतरवताना वाफ येऊन तुझा उजवा हात मनगटापासून भाजलाय. परातीत बेसन तयार, वऱ्हाड दुपारी जेवणार, आणि वळायला कोणी नाही. काकूनं एक वळून पाहिली, ती फाटली. तेवढ्यात आक्का दारात आल्या. उंबऱ्याच्या बाहेर उभ्या, हात पदराला पुसत. म्हणाल्या, "बाई, मी वळू का? घरी करती मी. चांगली व्हती माझी."

तू त्यांच्याकडं पाहिलंस. हात पाण्याच्या बादलीत, तोंड दुखण्यानं वाकडं झालेलं. मला आठवतं, तू लगेच नाही म्हणाली नाहीस. बेसन गार होत होतं. मग म्हणालीस, "नको आक्का. तू भांडी बघ. पोरगी करंल."

पोरगी म्हणजे मी. मी आयुष्यात एकही वडी वळलेली नव्हती. तू शेजारी उभी राहून सांगत होतीस, फडकं उचल, दाब, सोड, आणि माझ्या हाताखाली एकेक वडी तोंड उघडत होती. सारण बाहेर, बेसनाची भेगाळलेली चामडी. कापली तर चुरा. आक्का दारातून हलल्या नव्हत्या. एकदा त्यांचा हात आपोआप पुढं आला, फडकं धरल्यासारखा, आणि मागं गेला. मग त्या परत नळावर जाऊन बसल्या. चुरा झालेल्या वड्या आपण रश्श्यात बुडवून पाठवल्या. संध्याकाळी नवरीचा मामा आपल्या अंगणात उभा राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलून गेला. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस.

दुसऱ्या दिवशी तुझ्या हाताला मलम लावताना मी विचारलं, आक्कांना का नाही येऊ दिलं? तू म्हणालीस, "मला काय न्हाई गं त्याचं. पन गिऱ्हाइकाला कळलं तर उद्या कोन यील? तू लई शिकलीस, तूच सांग, मी काय करायला पायजेल व्हतं?" मी मलमाचं झाकण लावलं. मला पटलं होतं. बाजारपेठेची मागणी, ग्राहकाची पसंती, हे सगळे शब्द तेव्हा नुकतेच शिकले होते आणि ते अगदी चपखल बसत होते. वर्गात मी ही गोष्ट सांगते ती संकटातल्या नेतृत्वाची. अचानक अडचण आली, व्यवस्थापकानं उपलब्ध मनुष्यबळातून माणूस निवडला, काम थांबू दिलं नाही. मुलं माझ्या फुटक्या वड्यांना हसतात. आक्का दारात आल्या होत्या, हे मी कधीच सांगत नाही.

काल ती गोष्ट सांगून झाली, हसून झालं, आणि तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. गप्प असते एरवी. तिनं फळ्याकडं बोट केलं. "मॅडम, आक्का तर तिथंच होत्या ना, नळावर? मग तुम्हाला कशाला बोलावलं? तुम्हाला तर येत नव्हतं."

साधा प्रश्न होता. इतक्या वर्षांत कोणी विचारला कसा नाही, याचंच आता नवल वाटतंय. न विचारणाऱ्यांना उत्तर बहुतेक माहीत असणार, आणि विचारणारीलाही. मी खडू झटकला आणि म्हणाले, "त्यांना त्या कामाचं प्रशिक्षण नव्हतं. प्रशिक्षण नसलेल्या माणसाला कामावर लावणं ही व्यवस्थापनातली चूक ठरते." तोंडातून वाक्य निघतानाच कळलं की मग मला लावणं काय होतं. मुलीलाही कळलं. तरी ती म्हणाली, "बरं मॅडम," आणि बसली. पाठीमागून एका पोरानं हळूच विचारलं, "परीक्षेला येईल का हे?" वर्ग हसला. मीही हसले. आई, मी हसले.

आज मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीत आली. हातात स्टीलचा डबा. "मॅडम, आजीनं दिलंय. मी काल घरी तुमची गोष्ट सांगितली, तर म्हणाली, ती बाईंची लेक असंल. तिला नेऊन दे." बाई म्हणजे तू. आक्का आहेत अजून, आई. डोळ्यांना कमी दिसतं, पण फडकं हातानं कळतं म्हणे. मी विचारलं, आजी आणखी काही म्हणाल्या का? मुलगी जरा घुटमळली. "म्हणाली, बाईंचा हात लई भाजला व्हता त्या दिवशी. बरा झाला का मागनं, ते विचार."

मला तिच्या तोंडाकडं बघवेना. तुझ्या हातावरचा डाग शेवटपर्यंत होता, हे सांगितलं. त्या दिवसातलं आक्कांनी तेवढंच लक्षात ठेवलं असेल, असं मी मानत नाही. त्यांनी सगळं लक्षात ठेवलं असणार, आणि त्यातून मला काय पाठवायचं ते निवडलं असणार. मला लाज वाटली, आणि ती तुझ्यासाठी जितकी वाटली त्याहून जास्त माझ्यासाठी. तुझ्याकडं निदान गिऱ्हाइकाची भीती होती. मला कोणाची होती?

"आजीला डबा परत पाहिजे, तुमच्यात काढून देते," असं म्हणून तिनं माझ्या जेवून रिकाम्या झालेल्या डब्यात वड्या मांडल्या. मी तिच्यासमोरच खाल्ल्या, सगळ्या. मीठ जरा जास्त पडलं होतं. कडा मात्र घट्ट मिटलेल्या, कुठं भेग नाही. खाऊन होताच तिनं डबा माझ्या हातातून घेतला. मी नको नको म्हणत असताना व्हरांड्यातल्या नळावर जाऊन साबणानं स्वच्छ धुऊन आणला, पुसून झाकण लावून दिला. "येते मॅडम," म्हणाली. मी तिला काहीतरी सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "आजीला सांग, छान झाल्या होत्या."

उद्या त्याच वर्गावर तास आहे. फळ्यावर तेच चित्र काढायचं आणि आक्का दारात आल्या होत्या इथून सुरू करायचं, दुसऱ्या पाण्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारायची, असं कॉलेजातून निघताना ठरवलं होतं. एसटीत वाक्यंसुद्धा जुळवली. तुझी बदनामी होईल का, याचा विचार केला आणि मग होऊ दे म्हटलं. तुझ्या नावानं इतकी वर्षं टाळ्या घेतल्या त्या मीच. घरी आले तेव्हा फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटत होतं, खरं तर केलं काहीच नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले. कुठं पाठवायचं नाही, तू वाचणार नाहीस, त्यामुळे राहिलेलं एवढं लिहिते.

कॉलेजात माझा डबा रोज शिपाई मावशी विसळून देतात. तो मी पिशवीतून काढते आणि तसाच मांडणीत ठेवते. इतक्या वर्षांत कधी पुन्हा धुतलेला नाही. आज पिशवीतून काढला, कोरडा, लखलखीत, आणि मांडणीकडं जाता जाता नळाखाली धरला. पाणी हातावर आलं तेव्हा मला कळलं.