ह्यांच्या गाडीची बॅटरी

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी माझ्या लेकाची, कल्पेशची पिकअप सुरूच झाली नाही! ड्युटीची वेळ, वडप्याच्या गोडाऊनला माल ताटकळलेला, आणि पिकअप नुसती टकटक करतेय. दोष माझा. काल ह्यांची गाडी, ती चाकांवरची खोली, पिकअपमागे जोडून वडप्यापर्यंत फिरवून आणली – चालत्या पिकअपवर तिची बॅटरी भरते का बघायला. भरली नाही ती नाहीच. वर मी जोडवायर काढायला विसरले. मागच्या फ्रिजने पिकअपची बॅटरीही पिऊन टाकली.

लेक धक्का मारता मारता म्हणाला, ही बाबांची गाडी भंगार हाय. एक शेठ गेटवर वॉचमनची केबिन करायला मागतोय, देऊन टाकू.

भंगार! ह्यांनी सव्वीस वर्षं कंटेनर चालवला, केबिनमध्ये अंग मुडपून झोपले. रिटायर झालो की दोघांनी फिरायचं म्हणून ही चाकांवरची खोली बांधून घेतली. पलंग, कपाट, ओटा, सगळं झालं. वायरिंग राहिलं आणि हे गेले. पौषात दोन वर्षं होतील. वायरिंग यंदा मी करून घेतलं. आता देऊन कशी टाकू?

४ नोव्हेंबर

कल्पेशशी बोलले. त्याची अट अशी – एक रात्र बाहेर, कुठंही प्लग न लावता. दिवे, पंखा, फ्रिज सकाळपर्यंत चालले तर गाडी घरी राहील. नाही चालले तर शेठला हो. शेठला महिनाअखेर उत्तर हवंय.

मी म्हटलं, कबूल. म्हटलं खरं.

५ नोव्हेंबर

भरत इलेक्ट्रिशियन आला. बॅटरीवर टिचकी मारली, जसा काही नारळच आहे. म्हणाला, "काकी, नवीन टाका." ही पाच महिन्यांचीच आहे हे सांगितल्यावर मान खाजवली. पण एक काम चांगलं केलं – मध्ये रिले बसवला. इंजिन चालू असेल तेव्हाच दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जातील, बंद झालं की आपोआप सुटतील. म्हणजे माझ्या विसरभोळेपणाची सोय झाली.

दुपारी रद्दीतून आणलेलं वायरमनचं पुस्तक काढलं. शाळेत मी गेले नाही. अक्षरं शिकले ती ह्यांच्या मालाच्या बिल्ट्यांवरून – आधी गावांची नावं, मग मालाची. त्यामुळे 'ठाणे' आणि 'सिमेंट' मला 'कमळ'च्या आधी आलं! हे पुस्तक जड आहे. एकेक पान तीनदा वाचते.

७ नोव्हेंबर

पान ४१ कळलं.

९ नोव्हेंबर, रविवार

भरतचा मीटर मागून आणला. कल्पेशला पिकअप चालू ठेवून बसवलं आणि मी मीटरची टोकं लावत फिरले. पुढे पिकअपच्या बॅटरीवर १४.२. मागे आमच्या बॅटरीवर १२.२. दोन व्होल्ट वाटेत गेले कुठे?

पुस्तक म्हणतं, लांब आणि बारीक वायर असली की वाटेतच गळती होते. आमची वायर आठ मीटर, आणि जाडी टेबलफॅनच्या वायरीएवढी. वायरिंग भरतनेच केलेलं, त्याला दाखवलं. तो म्हणाला, तुम्हीच तर म्हणालात दिवेच लावायचेत. म्हणाले असेन.

नणंद धोंडूबाई घरापुढच्या ओट्यावर बसून सगळं बघत होत्या. "लोकांच्या सुना रिटायर होऊन माळ जपतात, आमची वायरी सोलतेय." मी म्हटलं, वन्स, तेवढी पक्कड द्या. दिली. वर विचारलं, या गाडीत किती बायका मावतील?

११ नोव्हेंबर

जाड वायर घातली. मागे १२.६. फक्त! कल्पेश आकडा बघून ड्युटीला निघून गेला, ते लागलं.

जेवण गेलं नाही. हे असते तर दोन शिव्या घालून गाडीखाली शिरले असते.

१३ नोव्हेंबर

सापडलं! लिहिताना अजून हसू येतंय.

पुस्तकात होतं, करंट जातो तसा परत यायलाही वाट लागते. जायची वाट जाड केली, परतीची बघितलीच नव्हती. परतीची वायर गाडीच्या सांगाड्याला एका बोल्टने आवळलेली, पुढच्या दांड्यापाशी. आणि तो दांडा मी दसऱ्याला रंगवलेला! हे दर दसऱ्याला गाडीच्या हुकाला लाल रंग द्यायचे, मग हळदकुंकू, मग झेंडूची माळ. मी यंदा ते सगळं केलं. वायर सोडवून, सांगाड्याला छान दोन हात मारून, रंग ओला असतानाच परत आवळून टाकली. वायर बसलीय रंगावर, लोखंडावर नाहीच.

दीपालीला हाक मारली. माझी सून नेलपॉलिश लावून बसली होती, तशीच आली आणि कानशीने बोल्टखालचा रंग खरवडला. लोखंड चकचकीत झालं. वायर आवळली. पिकअप चालू. मागे १३.८!

आम्ही दोघी अंगणात ओरडलो. तिची नखं गेली. भरत आला तर म्हणाला, "काकी, पूजा करा, पण बोल्ट सोडून करा."

१४ नोव्हेंबर

ह्यांना सांगावंसं वाटलं. फोटोकडे बघून सांगितलं. हसलेच असते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या अकलोलीला निघायचं, गरम पाण्याच्या कुंडांपाशी रात्र काढायची. पण अकलोली तासाभराची वाट. तासात एवढी मोठी बॅटरी भरत नाही, हा हिशोब मी मांडला. म्हणून काल-आज कल्पेशच्या सगळ्या फेऱ्यांना गाडी मागे जोडायला लावली. दिघाशी, वडपे, पुन्हा दिघाशी. गोडाऊनवर हमाल विचारत होते म्हणे, क्या कल्पेशभाई, घर लेके ड्युटी पे आए? घरी आला तो तोंड फुगवून. पण जोडली. बापाची गाडी ठेवायची नव्हती, पण आईशी लावलेली अट पाळतो.

संध्याकाळी बॅटरी पूर्ण भरलेली.

२३ नोव्हेंबर, रविवार

अकलोलीहून आलो. आधी निकाल – चालले! दिवे, पंखा, फ्रिज, सगळं सकाळपर्यंत. सकाळी मीटर लावला, १२.४. अजून निम्म्याहून जास्त शिल्लक.

धोंडूबाई कुंडात पाय सोडून बसल्या त्या उठेचनात. दीपालीने गाडीतल्या ओट्यावर भाकऱ्या केल्या. शेजारच्या बसमधल्या बाया बघायला आल्या, त्यांना मी रिले समजावून सांगितला. कळला की नाही देव जाणे, माना डोलावल्या.

पलंगावर पडले. रुंद आहे. माझ्या एकटीसाठी फारच रुंद. थोडं रडले, मग पंख्याखाली झोप लागली.

कल्पेश मात्र आत आला नाही. जेवणही बाहेर, झोपला पिकअपच्या सीटवर, बापासारखाच मुडपून. दीपालीने दोनदा बोलावलं. हरल्याचा राग असेल.

२६ नोव्हेंबर

अट जिंकले, पण घरात जिंकल्यासारखं वाटत नाही. त्याने शेठला अजून नकार कळवलेला नाही. मी विचारत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

शेठचा माणूस गाडी न्यायला आला. कल्पेशने त्याला चहा पाजला, नाही म्हणाला आणि परत पाठवलं. मग माझ्याशेजारी पायरीवर बसला. "सकाळी दार उघडलं का पयली तीच दिसते, आई. वाटते बाबा आतून हाक मारतील. मना न्हाय बघवत. म्हणून इकायची होती."

दोन वर्षं मला वाटत होतं, या घरात रडणारी मी एकटीच आहे.

भरतला फोन केला, ढकलायला ये म्हणून. उद्या सकाळी गाडी घरामागे हलवायची, विहिरीपाशी. कल्पेश उठायच्या आत.