तळ्याला गवती चहाचा वास

२१ फेब्रुवारी
परत तेच! जाळ्यात आलेल्या प्रत्येक रोहूच्या अंगावर उवा. चपट्या, नखानं ओढल्या तरी निघत नाहीत. मासे काठाला अंग घासतात. बघून माझ्याच अंगाला खाज सुटली.

सासरे, म्हणजे आमचे मामा, काठावर उभे. "मेंढरं राखणाऱ्याच्या घरात मासं! पाडव्यापतुर सुधरले तर ठीक. न्हाई तर हे तळं माज्या मेंढ्यांना." माझा नवरा सोमनाथ अशा वेळी नुसती भाकरी कुस्करत बसतो.

२४ फेब्रुवारी
अंबाजोगाईच्या मत्स्य खात्यातल्या मॅडमनी फोनवर सुचवलं — गवती चहाचं तेल. आणलं, आणि मी शहाणीनं थोडे मासे वेगळे ठेवलेल्या ड्रमच्या पाण्यात तसंच ओतलं! वर तवंग. त्यातले मासे तोंड वासून मेले. मॅडम ओरडल्या, "अगं, पाण्यात नाही, खाद्यात!" खूप रडले.

२६ फेब्रुवारी
पेंड, कोंडा, तेलाचे थेंब. मळून गोळे टाकले. तळ्याला घमघमाट. मामा नवऱ्याला म्हणतात, "सोमनाथ, मासं आता चहा पितेत का बे?"

४ मार्च
धाकधूक. जाळं टाकायची हिंमत होत नाही.

६ मार्च
मामांनी मेंढ्यांना गोचिडाचं औषध चोळलं. डब्यावर लिहिलंय — माशांना विषारी! "मामा, हा डबा तळ्याकडं न्यायचा नाही." "न्हाई नेत, बाई." तरी मीच उचलून माळ्यावर टाकला.

७ मार्च
उवा गेल्या!! एखाददुसरी उरलीय. मामांनी मासा हातात घेऊन उलटापालटा करून बघितला. "लई गुणाचं पाणी हाय तुजं, पोरी." पोरी म्हणाले! लग्नानंतर पहिल्यांदा. गुण पाण्याचा नाही, खाद्याचा — पण सांगत बसले नाही. मिळालेलं कौतुक कोण मोडतं!

८ मार्च
मामा आत्ताच आले. सगळ्या मेंढ्या ओल्याचिंब, चेहरा खुशीत. "कातरायच्या आधी धुवावंच लागतं. म्हटलं, नदीला कशापायी जायचं? त्या डब्यानं गोचिडं हटंनात, सुनेच्या पाण्यानं हटतील. समदा कळप तळ्यात बुडवून काढला!"

डबा माळ्यावरच आहे. औषध मात्र मेंढ्यांच्या लोकरीत होतं.

इथूनच दिसतंय, उलटलेल्या माशांच्या पोटांनी तळं पांढरं पडत चाललंय. मामा अजून हसतायत. त्यांना कसं सांगू?