ताईचा पहिला डोंगर

दोहा,
१८ जानेवारी २०१९

चि. मधु यास वाळवंटातून अनेक आशीर्वाद. वि. वि.

दिवाळीनंतर तुझं अक्षर नाही. फोनवर तुला माझा आवाज कळत नाही आणि मोबाईलवर टाइप करायला तू तयार नाहीस, तेव्हा पत्राशिवाय तुला गाठायचं कसं? अमेयच्या ऑफिसातलं कोणी ना कोणी नाशिकला येत असतं, त्यांच्या हाती हे पाठवते आहे. उत्तर त्यांच्या घरी स्वतः नेऊन दे. तेवढंच तुझं घराबाहेर पडणं होईल.

नुपूर मजेत आहे. आमच्या जावईबापूंचं ऑफिस लुसैलच्या नव्या स्टेडियमपाशी, त्यामुळे फुटबॉलच्या वर्ल्ड कपला अजून जवळजवळ चार वर्षं असली तरी घरात तो सुरू झालेला आहे. जेवताना अमेयचं लक्ष ताटापेक्षा स्टेडियमच्या फोटोंकडे जास्त. कुठलंही काम कधी होणार विचारलं की हल्ली इन्शाल्ला, म्हणजे देवाच्या मनात असेल तेव्हा, म्हणतो. परवा गीझर दुरुस्तीचं विचारलं, तरी इन्शाल्लाच.

आता मुद्द्याचं. जूनमध्ये ईदच्या सुट्टीत आम्ही सेशेल्सला चाललो आहोत. भूगोलाच्या तासाला आफ्रिकेच्या उजव्या बाजूला मी खडूने जे ठिपके द्यायची, तीच बेटं. मुख्य बेट माहे. तिथे समुद्रातून ग्रॅनाइटचे डोंगर सरळ उभे राहिले आहेत, त्यांवर दाट जंगल आणि जंगलातून वर जाणाऱ्या पायवाटा. मुलांनी ठरवलं होतं की ती दोघं डोंगर चढतील आणि मी हॉटेलात बसून समुद्र पाहीन. मी सांगितलं, मीही चढणार. अमेयचा घास हातातच राहिला. मग फार गोडीने म्हणाला की आई, तिथे सपाटीवरही छान फिरता येतं. तेव्हापासून मी हट्टाला पेटले आहे.

डोंगराचं नाव कोपोलिया. मी जन्मात डोंगर चढले नाही हे तुला माहीत आहे. इथे तर डोंगर औषधालाही नाही, सगळा देश पोळपाटासारखा. तू आयुष्यभर गड चढलास, तेव्हा तूच मला पत्राने शिकव. बूट कसले घेऊ? दम लागला तर थांबायचं की रेटायचं? उतरताना माणसं जास्त पडतात म्हणे, ते का?

नमिताला माझी आठवण सांग. माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस, ही विनंती.

तुझी,
ताई

नाशिक,
९ फेब्रुवारी २०१९

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पहिली गोष्ट, मी हे सगळं सोडलेलं आहे. तापाने माझे कान नेले त्याला दोन वर्षं झाली, आणि ते यंत्र लावलं की नुसती खरखर ऐकू येते. ज्याला मागून मारलेली हाक कळत नाही त्याने डोंगरावर जाऊ नये आणि दुसऱ्याला शिकवू तर मुळीच नये. आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपमधल्या कुणालाही विचार.

दुसरी गोष्ट, तुझं वय आणि तुझे गुडघे दोन्ही मला ठाऊक आहेत.

तिसरी गोष्ट, बूट जूनमध्ये घेशील तर पायाला फोड येतील. आत्ताच घे, अर्धा नंबर मोठे, आणि घरातसुद्धा घालून फीर. नुपूर हसली तर हसू दे. देश पोळपाट असला तरी इमारतींना जिने असतील ना? लिफ्ट बंद कर. चढताना इतक्याच वेगाने चाल की बोलता आलं पाहिजे. तू गप्प झालीस तर समजायचं की वेग जास्त झाला. (तसं होणं कठीणच.) उतरताना माणूस पडतो कारण त्याचं मन आधीच घरी पोचलेलं असतं. पावलं लहान टाक, गुडघा किंचित वाकलेला ठेव. ओल्या मुळावर पाय देऊ नकोस, ओलांडून जा. भीती वाटली तर सरळ खाली बस आणि बसल्या बसल्या उतर. त्यात लाज वाटायचं काही नाही.

बास. यापुढे विचारू नकोस.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
मधु

दोहा,
१५ मार्च २०१९

चि. मधु यास आशीर्वाद, आणि माझ्या नव्या बुटांचाही तुला नमस्कार. वि. वि.

विचारू नकोस म्हणालास, म्हणून विचारते आहे. पण आधी बातमी. इथे अस्पायर पार्कात एक टेकडी आहे, माणसांनी माती रचून केलेली, वर हिरवळ. तुझ्या दृष्टीने तो उंबरठाच. मी मात्र वर पोचल्यावर नुपूरला फोटो काढायला लावला.

तिथेच जोसेफीन भेटली. वसईची, इथे हॉस्पिटलात नर्स आहे. माझे बूट पाहून तिने सरळ मराठीत विचारलं की मावशी, कुठल्या लढाईवर निघालात. तिचा मुलगा ॲड्रियन हमद पोर्टच्या ऑफिसात काम करतो आणि सुट्टी मिळाली की ओमानच्या डोंगरांत पळतो. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. माझ्या ओठांकडे बघून माझं मराठी समजून घेतो आणि मोबाईलवर इंग्रजीत उत्तर लिहून दाखवतो. इथल्या मुलांचं असंच आहे, मराठी आत जातं आणि इंग्रजी बाहेर येतं.

मायलेकरं माहेला आमच्याबरोबर येणार आहेत, आणि वाटेवर पुढे ॲड्रियन राहणार. अमेय का-कू करत होता, की ऐकू न येणाऱ्याने पुढे राहायचं म्हणजे कसं. मी म्हटलं, तुला ऐकू येतं, तरी तू माझं कुठे ऐकतोस. खलास. विषय मिटला.

आता माझे प्रश्न. माथ्यावर धुकं आलं तर काय करायचं? आणि उताराला काठी पुढे टेकायची की बाजूला?

प्रेमाचा ओघ चालू ठेव, उत्तरासकट.

तुझी,
ताई

नाशिक,
२२ एप्रिल २०१९

ती. वन्संना नमिताचा वाकून नमस्कार. वि. वि.

हे पत्र ह्यांच्या उत्तराच्या पाकिटात न सांगता घालते आहे. ह्यांनी डोंगर का सोडला ते तुम्हाला पूर्ण माहीत नसेल. मागच्या पावसाळ्यात एका गडावर वरून दगड सुटला. सगळे ओरडले, ह्यांना कळलं नाही. दगड खांद्याला घासून गेला. लागलं फारसं नाही, पण त्या संध्याकाळी सॅक माळ्यावर गेली. मग ग्रुपची मुलं घरी यायची तर हे आतल्या खोलीत जाऊन बसायचे. सगळे हसतात आणि मला का ते कळत नाही, म्हणायचे. हळूहळू मुलं यायची थांबली.

तुम्ही धुक्याचं विचारलंत आणि हे दोन दिवस तेच बोलत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढायला निघाले. ताईच्या वयाच्या माणसाला पायरी किती जड जाते ते बघून येतो, म्हणाले. मीही बरोबर गेले. उतरताना शीळ घालत होते. सूर अगदी बेसूर, पण मला रडू आलं.

वन्सं, तुम्ही मुद्दाम विचारता की खरंच तुम्हाला माहीत नसतं, ते मला सांगू नका. फक्त विचारणं थांबवू नका.

आहे तसाच जीव आमच्यावर असू द्या.

तुमची,
नमिता

दोहा,
१४ जून २०१९

चि. मधु यास कोपोलिया चढून आलेल्या ताईचे आशीर्वाद. वि. वि.

चढले! आणि दोन्ही गुडघ्यांसकट परत आले.

वाट रस्त्यालगतच सुरू होते आणि लगेच जंगलात शिरते. दालचिनीची झाडं इतकी, की जोसेफीन पान चुरगळून प्रत्येकाच्या नाकाशी धरत होती. मुळं वाटेवर आडवीतिडवी पसरलेली, मी एकेक ओलांडत होते. अमेय सुरुवातीलाच पुढे पळाला आणि पुढच्या वळणावर एका दगडावर बसलेला सापडला, चेहरा टोमॅटोसारखा. मी लहान पावलं टाकत त्याच्या शेजारून गेले आणि जाता जाता यल्ला म्हटलं, म्हणजे इथल्या भाषेत चला, लवकर.

वर झाडं संपतात आणि उघडा खडक लागतो, हत्तीच्या पाठीसारखा गोल आणि करडा. खाली गाव, बंदर, त्यापलीकडे हिरव्या-निळ्या पाण्यात आणखी बेटं. आणि मधु, खडकाच्या कडेला घटपर्णी! विज्ञानाच्या तासाला फळ्यावर किती वेळा काढली असेल, झाकणासकट. ती कधी समोर येईल असं वाटलं नव्हतं. एका कळशीत डोकावले तर आत खरंच एक मुंगी पोहत होती. नुपूर म्हणते मी रडले. मी म्हणते घाम होता.

तेवढ्यात ढग आला. बघता बघता सगळं पांढरं झालं. खडक चहूकडे सारखा, एका अंगाला खोल उतार, आणि जंगलातून आपण कुठून वर आलो ते कुणालाच सांगता येईना. अमेय म्हणे डावीकडे, नुपूर म्हणे मागे. वर आलेलं एक परदेशी जोडपंही हाका मारत होतं, आणि धुक्यात हाक कुठून येते तेच कळत नव्हतं. मी घाबरले. खोटं कशाला सांगू?

ॲड्रियनला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. त्याने एकेकाचा खांदा दाबून आम्हाला खाली बसवलं. मग वाकून खडक बघत थोडा थोडा फिरला. आमच्या बुटांचा चिखल खडकावर पुसट उमटला होता. आम्ही ओरडण्यात गुंग होतो, तो तेवढंच बघत होता. मग प्रत्येकाने पुढच्याच्या सॅकचा पट्टा धरायचा, तो थांबला की थांबायचं, अशी आमची आगगाडी करून त्याने आम्हाला बरोबर वाटेच्या तोंडाशी आणलं. त्याच्या मागे मी होते. मधे एका ओल्या उतारावर तुझं ऐकून सरळ खाली बसले आणि घसरत गेले. माझ्यामागे अमेय बसला, त्याच्यामागे ते परदेशी जोडपं. खाली पोचेपर्यंत सगळ्यांच्या कपड्यांचा मागचा भाग एकाच रंगाचा झाला होता, आणि जोसेफीनला हसून हसून उभं राहवेना.

एवढंच कळवायचं होतं. बाकी काही नाही.

आहे तो लोभ पुढच्या डोंगरापर्यंत पुरव.

तुझी,
ताई

नाशिक,
१९ ऑगस्ट २०१९

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचा मला आधी राग आला. बाकी काही नाही, म्हणे! मी दूधखुळा आहे का? ॲड्रियनची गोष्ट तू कशासाठी लिहिलीस ते न कळायला माझे कान गेले आहेत, डोकं नाही. आठ दिवस मी उत्तर लिहायला बसलोच नाही. नवव्या दिवशी पत्र पुन्हा वाचलं आणि सॅक माळ्यावरून काढली.

ग्रुपच्या मुलांना मी स्वतः जाऊन भेटलो. सांगितलं की यायचं आहे, पण माझ्या अटीवर. मी पुढे राहीन, माझ्या मागच्याच्या हातात लांब काठी राहील, आणि थांबायचं असेल तर त्याने ती माझ्या सॅकला टेकवायची. ओरडायचं नाही. पोरं इतकी खूश झाली की एकाने लगेच काठी आणून माझ्या पाठीत खुपसून दाखवली.

काल रामशेजला जाऊन आलो. लहानसाच गड, पण सगळा हिरवागार, आणि ढग अंगावरून जात होते. नमिताही आली. लग्नानंतर गडावर पहिल्यांदाच. एका अवघड जागी काठी टेकली, मी थांबलो, वर पाहिलं. एक गुराखी म्हशी घेऊन उतरत होता, वाट देऊन आम्ही पुढे गेलो. बस, इतकंच झालं. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

माथ्यावर नमिताने डबा उघडला. कुठून तरी एक माकड आलं, तिच्या हातातलं थालीपीठ घेऊन समोरच्या बुरुजावर बसलं. आम्ही सगळे बघत होतो. त्याने नीट एक तुकडा तोडला, खाल्ला, थोडा विचार केला आणि उरलेलं थालीपीठ तिच्या अंगावर परत फेकलं. ताई, मी हसायला लागलो ते हसू थांबेचना. नमिता म्हणते मी इतक्या मोठ्याने हसलो की खालच्या शेतातली माणसं काम थांबवून वर बघायला लागली. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. छातीत मात्र सगळं दणदणत होतं, आणि या वेळी सगळे का हसताहेत ते मला माहीत होतं.

जिव्हाळा असाच राखावा, आणि थालीपिठाचं मी तुला कळवलं हे नमिताला कळवू नये.

तुझा,
मधु