दिल्लीच्या यादीत नाही

३ जून
अश्विनीचा निकाल लागला. पोरीने नाव काढलं. अन्नतंत्राची केंद्राची संस्था, तिकडे उत्तरेत. ओबीसीतून जागा पक्की, खुल्यातून थोडक्यात हुकते. सुमनने गल्लीभर पेढे वाटले. म्हटलं, अगं, दाखला जोडायचा राहिलाय. तर म्हणे, "दाखले तुमीच तर काढता की!" खरंय. प्रांत कचेरीत जातीच्या दाखल्यांचं टेबल अकरा वर्षं माझ्याकडे.

४ जून
केंद्राच्या नमुन्यातला दाखला हवा. म्हणून केंद्राची यादी उघडली. आमची जात नाही. चष्मा पुसून परत पाहिलं. राज्याच्या यादीत आहे, दिल्लीच्या नाही.
मला हे माहीत नव्हतं असं कसं लिहू? याच खिडकीतून कितीजणांना सांगितलंय, "केंद्राचं मिळणार न्हाई तुमाला." पोरीचं आजवर सगळं राज्याच्या दाखल्यावर झालं, त्यामुळे स्वतःच्या घराचा विचारच आला नाही. मूर्ख माणूस. घरी काही बोललो नाही.

५ जून
सांगितलं. सुमनने उरलेले पेढे फडताळात ठेवून दिले. अश्विनी हसली, "म्हणजे पप्पा, भुसावळच्या पुढं गाडी गेली की आपण पुढारलेले का?" मग आत जाऊन दार लावून घेतलं. हसली नसती तर बरं वाटलं असतं.

७ जून
दुपारभर फोन, आमची जात दिल्लीच्या यादीत का नाही म्हणून. मुंबईचे म्हणाले, आमची शिफारस कधीच गेलीय, आता दिल्लीच्या हातात. दिल्लीवाले म्हणाले, राज्याकडून खुलासा यायचाय. दोघेही गोड बोलले. एकाने तर मुलीला शुभेच्छा दिल्या. भांडायला तरी कुणीतरी उर्मट भेटायला हवा होता.
एका सरकारचा मी नोकर, दुसऱ्याचा कुणीच नाही.

९ जून
गंगाखेडहून मेव्हणा आला, दत्ता. चहा संपायच्या आत मुद्द्यावर. "दाजी, टेबल तुमचं, शेरा तुमचा. काढा की केंद्राच्या नमुन्यावर. साहेब कुटं वाचायलेत?"
साहेब खरंच वाचत नाहीत. माझा शेरा पाहून सही करतात, भरवसा आहे म्हणून. दत्ताला नाही नाही ते बोललो. सुमन मधे पडली नाही. त्याच्या बाजूनेही बोलली नाही, माझ्याही नाही. जेवण गेलं नाही.

१० जून
खिडकीवर एक बाई. खेड्यातून पहिल्या गाडीने आलेली, आमच्याच जातीची. तिच्या पोरीला केंद्राच्या भरतीचा अर्ज भरायचाय. यादी दाखवली, समजावलं. ती म्हणाली, "तुमी तर आपलेच हाव ना, भाऊ. मंग कामून न्हाई?"
म्हटलं, यादी मी करत नाही.
"बरं, भाऊ." कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. शिपायावर उगाच खेकसलो.

११ जून
उद्या प्रवेशाचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस. अश्विनी म्हणते, खुल्यातून भरते, बघू. "बघू" म्हणजे काय ते तिलाही कळतं, मलाही. लहानपणी ताप आला की माझ्याकडे बघायची तसं बघत होती. मी पेपर वाचत बसलो.

१२ जून
कचेरीत लिहितोय. साडेतीन वाजले. अर्ज सहापर्यंत. साहेब दौऱ्यावरून आलेत, सह्यांना बसलेत.
कागद तयार आहे. तिचं नाव, माझं नाव, केंद्राचा नमुना. माझ्याच हातचा शेरा, शाई वाळलेली. साहेबांच्या फायलींत अजून घातलेला नाही. फाडलेलाही नाही.
आत्ता अश्विनीचा फोन. "पप्पा, खुल्यातून भरून टाकू का?"
म्हटलं, थांब जरा.