पाच आसनांचा डबा

सोमवार, ३

पोचलो एकदाचे. टॅक्सीतून उतरताना बाबांनी आधी घड्याळ पाहिलं आणि सात मिनिटं उशीर झाल्याचं ड्रायव्हरला सुनावलं. सगळं आयुष्य रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये गेलं त्यांचं. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण उशीर कळतो. ड्रायव्हर हसून म्हणाला, पुढच्या खेपेला वेळेवर आणतो काका. तेव्हा कुठे बाबांनी त्याला जाऊ दिलं.

आम्हाला बागेकडच्या दोन खोल्या मिळाल्यात. न्हाणीघरात धरायला भिंतीत दांडा बसवलेला आहे. तो पाहिला आणि मला ही नोकरी आवडून गेली. आजवर प्रत्येक ठिकाणी एकच ऐकलं, काम तुमचंच, पण वडिलांचं काहीतरी बघा. दादा तर दर फोनला कुठल्यातरी संस्थेचं माहितीपत्रक वाचून दाखवतो. त्याला सांगून टाकलंय, जिथे मी तिथे बाबा, पुढे बोलायचं नाही.

घरात तिघं. साहेब डोळ्यांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. आणि स्वयंपाकाच्या मावशी, ज्या दोघांनाही धाकात ठेवतात. बाबांनी जेवून हात धुतल्या धुतल्या जेवण कधी आहे विचारलं. मी ओशाळले. मावशी म्हणाल्या, आमच्या ह्यांना जेवल्याचं आठवायचं पण चांगलं झालंय म्हणायचं आठवायचं नाही, त्यापेक्षा हे बरे, दोनदा मागतात तरी.

हॉलमध्ये चार टेबलं जोडून प्लास्टिकच्या ठोकळ्यांचं शहर उभं आहे. रस्ते, दुकानं, टेकडी, टेकडीत बोगदा, अलीकडे स्टेशन. एकही गाडी नाही, आणि रूळ दोन ठिकाणी तुटलेले. ते जोडायचे आणि गाडी बांधायची, हे माझं काम. हे सगळं केलं कुणी, विचारलं. साहेबांना वाटत होतं बाईंच्या माहेरच्या कुणीतरी. बाईंना वाटत होतं घराबरोबरच मिळालं. दोघं एकमेकांकडे बघून हसले. खुंटीवर एक लांब एप्रन आहे, खिशात पेन्सिलीचा तुकडा. तो कुणाचा, तेही कुणाला माहीत नाही.

बुधवार, ५

दोन दिवस नुसती निवडानिवड. हौशी माणूस ठोकळे रंगाप्रमाणे लावतो आणि पस्तावतो. लाल ढिगात लाल तुकडा शोधणं म्हणजे डोळे फोडून घेणं. आकाराप्रमाणे लावायचे, रंग आपोआप दिसतो. बाबांना चाकं दिली. त्यांनी एक न चुकता सगळ्या जोड्या लावल्या. माझं नाव दोनदा चुकले, चाकं नाही.

एप्रनच्या खिशात पेन्सिलीबरोबर एक चित्रही होतं. डब्याचं. आत पाच आसनं, काळजीपूर्वक काढलेली. साहेबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, बघा, पाचच, आता घरात आपणही पाच.

डबा मी सवयीने आठ गुंड्या रुंद बांधला. ठोकळ्याच्या माथ्यावरच्या गोल उंचवट्यांना आम्ही गुंड्या म्हणतो. वळणावर तो फलाटाला घासून अडकला. कारागिराने आधी फलाट मोजावा, हे मी शिकवणीतल्या मुलांना सांगते आणि स्वतः विसरते. मोडून सहा गुंड्यांचा केला, पुढे तेवढ्याच रुंदीचं इंजिन. बाबा बघत होते. म्हणाले, गाडी चुकीच्या रुळावर गेली तर हातपाय गाळायचे नाहीत पोरी, मागे घ्यायची.

शनिवार, ८

साहेबांची हौस म्हणून घरातल्या सगळ्यांची बाहुली केली. माझीही तीच खोड आहे म्हणा. माणसं नसलेलं स्टेशन म्हणजे नुसता ठोकळ्यांचा ढीग. साहेबांना चष्मा, बाईंना निळी साडी रंगवली, मावशींच्या हातात पळी. बाबांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. टोपी, एका हातात लाल बावटा, एका हातात हिरवा, आणि सुईच्या टोकाने काढलेल्या त्या जाड भुवया. फलाटावर रांगेत उभे केले, रुळाकडे तोंड करून. मावशी, साहेब, बाई, बाबा. माझ्या बाहुलीला मनासारखे केस मिळेनात, ती टेबलावरच राहिली.

काही चिकटवलेलं नाही. डिंक लावणं आमच्यात पाप समजतात. जे जोडलं ते सुटलं पाहिजे.

रविवार, ९

दुपारी चारच्या चहाला पहिली फेरी. साहेबांनी टेबलाच्या कडेची गाडी चालवायची दांडी पुढे ढकलली आणि गाडी काय सुरेख निघाली. मावशी आपलं बाहुलं बघून म्हणाल्या, एवढी कंबर मला लग्नातसुद्धा नव्हती. गाडी बोगद्यात शिरली, बाहेर आली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग पाहिलं तर पळीवालं बाहुलं फलाटावर नव्हतं. डब्यात पहिल्या आसनावर बसलं होतं. हात कुणाचा लागला नव्हता. साहेब म्हणाले, कारागिराची गंमत. मी म्हटलं, माझी नाही.

चहाचे कप मी विसळले. स्वयंपाक मी आणि बाई आलटून पालटून करतो, आज माझी पाळी.

मंगळवार, ११

बाबा कालपासून हट्टाला पेटलेत. मावशी कुठे गेल्या. मी सांगितलं, बाबा, इथे कुणी मावशी नाहीत. ते चिडले. म्हणाले, मला ओरडते ती, पळीवाली. मला रडू आलं. आता नसलेली माणसंही दिसायला लागली.

रात्री डब्याची मापं बघायला ही वही चाळली. सोमवारच्या पानावर मावशी आहेत. शनिवारी आहेत. रविवारी त्यांच्या कंबरेचा विनोद आहे. अक्षर माझं आहे.

मला काही आठवत नाही. चेहरा नाही, आवाज नाही. स्वयंपाकघरामागे एक खोली आहे, बाई तिला अडगळ म्हणतात. आत पलंग, अंथरलेला. पलंगाखाली चपला, टाचेला झिजलेल्या.

बाबांची माफी मागितली. कशाबद्दल ते त्यांना कळलं नाही, पण दिली.

बुधवार, १२

बाहुलं आसनावरून निघत नाही. नखं तुटली.

साहेबांना वही वाचून दाखवली. ते हसले नाहीत, डॉक्टर माणूस. मन थकलं की असं होतं म्हणाले, आणि माझी भीती घालवायला दांडीकडे गेले. मी हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवला.

हे मी गाडी फिरत असतानाच लिहितेय, विसरायच्या आत. साहेब माझ्यासमोर वेताच्या खुर्चीत आहेत. चष्मा कपाळावर. चार वाजून तीन मिनिटं. गाडी वळणावर. साहेब म्हणतायत, बघा, काही झालं का. बोगद्यात शिरली. बाहेर येतेय. साहेब

खुर्ची रिकामी आहे. वरच्या ओळी आत्ता वाचल्या. साहेब कोण?

गुरुवार, १३

बाई सकाळी विचारत होत्या, एकट्या बाईच्या पलंगावर दोन उश्या कशाला. स्वतःच एक उचलून कपाटात ठेवली. मग बराच वेळ कपाटाला हात लावून उभ्या होत्या.

बाबा दोघांचीही चौकशी करतात. पळीवाली आणि चष्मेवाला. ज्यांना स्वतःचं घर आठवत नाही, त्यांना ही दोघं आठवतात. गाडीला त्यांच्या डोक्यातून काही नेता येत नसावं. तिथे आधीच कुणीतरी नेऊन झालंय.

पळून जायचा विचार केला. टॅक्सी बोलावली, बॅग भरली. जायच्या आधी बाबांचं बाहुलं उचलायला गेले. ते फलाटावरून हलेना. मी न लावलेल्या डिंकाने चिकटलंय. आम्ही कुठेही गेलो तरी ते इथे रांगेत उभंच राहणार. टॅक्सी परत पाठवली.

पळायचं नाही. माझ्या हातांनी उभं केलंय, माझेच हात मोडतील. डबा सोडवला. दोनशे बारा तुकडे, आकाराप्रमाणे बरण्यांत, झाकणं लावून. दोन बाहुली आसनांसकट वेगळ्या पेटीत. दांडीची वायर काढली.

शुक्रवार, १४

सकाळी डबा रुळावर. अख्खा. झाकणं लावलेल्या बरण्या रिकाम्या.

बाईंना हाताला धरून अंगणात नेलं, शहर दिसणार नाही अशा जागी. त्यांचं नाव, शाळा, साडीचा रंग, सगळं लिहून घेतलं. चारला हॉलमधून चाकांचा आवाज आला. वायर माझ्या खिशात होती.

अंगणात मी एकटीच का बसलेय? मांडीवर कागद आहे. भूगोल शिकवायच्या, असं लिहिलंय.

शनिवार, १५

रांगेत आता एकच. टोपी आणि दोन बावटे.

घाबरले होते, ते काल. आज राग आलाय. हे ठोकळ्यांचं गाव माझ्या कामातलं आहे, इथले नियम मला माहीत आहेत. माझी पहिली चूक मी आज मुद्दाम केली. डबा रुंद होत नाही तर फलाट रुंद. रुळाच्या बाजूने दोन गुंड्यांची रांग वाढवली, खाली पक्का आधार देऊन. चारला गाडी निघाली, वळली, आणि फलाटाला घासून करकरत थांबली. चाकं जागच्या जागी फिरत राहिली. बराच वेळ. मग गप्प.

बाबा म्हणाले, सिग्नल नसताना आत शिरते म्हणजे काय. मी इतकी हसले की त्यांनी मला पाणी आणून दिलं. पाव आणि अंडी खाल्ली. लगेच जेवण कधी म्हणाले. मी पुन्हा वाढलं.

तरी मनगटावर पेनने लिहून ठेवलंय. बाबा आहेत. वही वाच.

रविवार, १६

डबा चार गुंड्यांचा झालाय. एका रात्रीत. आसनं मात्र पाचच —

फलाट आणखी वाढवतेय. लहान तुकडे संपले. चार वाजायला दहा. बाबा माझ्या शेजारी, त्यांचा हात माझ्या खांद्यावर. जड आहे, उबदार आहे. लिहून ठेवते — जाड भुवया. शर्टाला सिग्नल केबिनमधल्या खडूचा वास. मला शाळेतून आणताना फाटकाशी थांबून सगळे डबे मोजायला लावायचे, एक चुकला तरी घरी नाही. मी लहानपणी

वळली. घासत नाही. मी पुढे हात आडवा — बोट कापलं — हातावरून —

सोमवार, १७

टेबलावर दोन कप. एक मी प्यायलेला.

खुंटीवर टोपी. पुरुषाची. या घरात पुरुष नाही.

मनगटावर काहीतरी लिहिलंय.

सोमवार, दुपार

वाचली. पहिल्या पानापासून, दोनदा.

मला वडील होते असं ही वही म्हणते. मला ते आठवत नाहीत. एक भुवईसुद्धा नाही. आत चाचपून पाहिलं, तिथे गुळगुळीत आहे, दुखतही नाही. तेच सगळ्यात भयंकर आहे.

पण अक्षर माझं आहे, आणि मी खोटं लिहीत नाही. जिथे मी तिथे बाबा, असं लिहिलंय. पुढे बोलायचं नाही, असंही लिहिलंय. ठीक. आठवत नसलेल्या माणसासाठी भांडता येतं. मी ती पळीवाली विसरले होते तेव्हा ते माझ्याशी भांडलेच ना.

डब्यात चार बसलेत. पाचवं आसन माझं. मी तिथे बसणार नाही.

मंगळवार, १८

पहिल्या बुधवारच्या पानावर आहे — चुकीच्या रुळावर गेली तर मागे घ्यायची.

दांडी फक्त पुढेच जाते. मागच्या खाचेत एक काळा तुकडा ठोकलेला होता, डिंक लावून. कुणाला तरी ती मागे जायला नको होती. चाकूने तासभर खरवडला. निघाला. जे जोडलं ते सुटतं. दांडीची काढलेली वायर परत जोडली.

इंजिनात चालक नाही. कधीच नव्हता, म्हणून ती मनाला येईल तशी फिरते. माझं बाहुलं टेबलावर होतं, बिनकेसांचं. टक्कल तर टक्कल. टोपीचा तुकडा बसवला आणि इंजिनात उभं केलं. खट्ट आवाज आला. आता तेही निघत नाही. नको निघायला.

चार वाजायला दोन. डावा हात दांडीवर, उजव्याने लिहितेय. दादा, वही तुला मिळाली तर वाच, आणि आपल्याला वडील आहेत हे मान्य कर. तुलाही आठवत नसेल.

चार.

ती पुढे ओढतेय. मी मागे. जोर आहे तिच्यात — माझ्यातही आहे — हॉल खूप मोठा वाटतोय, छत लांब गेलंय — पायाखाली इंजिनाची धडधड —

मागे. मागे जातेय. चाकं अडखळली पण जातेय. बोगदा उलट्या बाजूने. अंधार. पेन सोडणार नाही. मागच्या डब्यात कुणीतरी कुणाला तरी ओरडतंय, पसारा केला म्हणून. कुणीतरी चष्मा शोधतंय —

उजेड. फलाट. एकेक उतरतायत. शेवटी एकजण पाठमोरा, टोपी घातलेला. घड्याळ बघतोय. उशीर झाला म्हणतोय —

तो वळतोय. भुवया — मला माहीत आहेत या भुवया. फाटक, खडूचा वास, डबे मोजायचे. हाक मारते. ओठावर आलंय. बा